एकविसावा ते तिसरा

३ जून, मंगळवार

रेन्सुके तिसरा! फुटबॉल क्लबच्या लोकप्रिय खेळाडूंच्या यादीत मागच्या महिन्यात एकविसावा होता. वीस वर्षांचं पोर, मधल्या फळीत खेळतं, अजून एक गोल नाही — आणि तिसरा! मासळीच्या कारखान्यात माकुळं साफ करताना शेजारच्या मिसुझुनेच सांगितलं. मग माझ्याकडे टक लावून म्हणाली, "काय गं, तू जिवंत आहेस ना?" सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. कशाला, ते कळलं नाही.

४ जून

कळलं. क्लबच्या मासिकात मुलाखत आलीय. "मी सात वर्षांचा असताना आई वारली. आजीने वाढवलं." फोटोत डोळे पाणावलेले. म्हणून मतं!

आणि मी इथे, गाडीने चाळीस मिनिटांवर, धडधाकट. मधली काही वर्षं ओसाकाला होते, ते वेगळं. परत आल्यापासून त्याचा इथला एक सामना चुकवला नाही. दर महिन्याला मत देते — त्यालाच!

५ जून

फोन केला. उचलला नाही. सासूबाईंना केला. "त्यालाच विचार," म्हणाल्या आणि ठेवून दिला.

८ जून, रविवार

मैदानावर गेले. फाटकाशी त्याचं माणसाएवढं चित्र, खाली पांढरी शेवंती, मेलेल्यांना वाहतात ती. माझ्यासाठी! कुणा मुलीची चिठ्ठीही होती — "रेन्सुकेच्या आई, वरून त्याच्याकडे लक्ष ठेवा."

सामना संपल्यावर सहीच्या रांगेत उभी राहिले. पाऊण तास. समोर पोचले तसं त्याने वर बघितलं. ओळखलं. एक क्षण पेन थांबलं.

"नाव काय लिहू?"

"आई लिही."

मागच्या पोरी कुजबुजल्या. त्याने नुसती सही केली, दोन्ही हातांनी कार्ड पुढे धरलं, मान लववली. "लांबून आलात. आभारी आहे."

आलात! मला!

गाडीचं दार लावेपर्यंत रडले नाही.

१० जून

मिसुझु तापलीय. "मासिकाला कळव सगळं. पुढच्या यादीत शेवटचा येतो की नाही बघ!" पत्ताही आणून दिला. घरी येऊन लिहिलं — मी रेन्सुकेची आई. मी जिवंत आहे. माझा मुलगा खोटं बोलतो.

वाचून बरं वाटलं. खूपच बरं वाटलं.

११ जून

टपालपेटीपर्यंत दोनदा जाऊन आले. पत्र पिशवीतच.

१३ जून

आज टाकायचंच म्हणून निघाले, तर दारातल्या पेटीत रेन्सुकेचं पाकीट. आत त्याचं एक अक्षर नाही. फक्त एक जुना कागद, घड्यांवर फाटत आलेला, मागून चिकटपट्टी लावून जपलेला. ओसाकाला निघाले त्या सकाळी जेवणाच्या टेबलावर ठेवला होता तो. अक्षर माझं —

"रेन्सुके, आई मेली असं समज. आजीचं ऐक."