अप्पांच्या जस्ती खुर्च्या

मी, श्रीरंजनी तुळजाजी राव, वय ४६, व्यवसाय शिक्षिका, राहणार तिरुवल्लिकेणी, चेन्नई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. मला आजार नाही. गेल्या वर्षी आई गेली, तेव्हापासून हे लिहायचे राहून गेले होते.

१. माझे राहते घर व बँकेतील ठेव माझा धाकटा भाऊ विजयेंद्र याची मुलगी अवनी हिला द्यावी. तिला मराठी वाचता येत नाही. हे कलम तिला तमिळमध्ये समजावून सांगावे.

२. माझी पुस्तके शाळेला. ग्रंथपाल वसंता यांनी त्यांवर माझे नाव घालू नये.

३. वडिलांची, म्हणजे अप्पांची, पत्रा ठोकण्याची लाकडी हातोडी आणि त्यांनी जॉर्ज टाउनमधल्या आपल्या दुकानात १९८३ साली आईसाठी घडवलेल्या चार जस्ती खुर्च्यांपैकी उरलेल्या तीन विजयेंद्र याला द्याव्यात. दर भोगीला अप्पा जुन्या रंगावरच नवा हात देत. रंग आई निवडायची. त्यामुळे टवका उडाला की खाली पोपटी, त्याखाली निळा, त्याखाली आईला एकाच वर्षी आवडलेला गुलाबी दिसतो.

४. हा रंग काढायचा झाल्यास असा काढावा. खुर्ची सावलीत, मोकळ्या हवेत ठेवावी. हातमोजे घालून रंग काढायचे औषध लावावे व रंग फुगेपर्यंत थांबावे. मग प्लास्टिकच्या पट्टीने उचलावा, खाचांत नायलॉनचा ब्रश वापरावा. साबणाच्या पाण्याने धुऊन लगेच पुसावे. एका वेळी एकच थर निघाला तरी घाई करू नये. तारेचा ब्रश नको. कॉस्टिक सोडा तर मुळीच नको. तो जस्त खातो, आणि जस्त गेले की समुद्राच्या हवेत लोखंड टिकत नाही. (शेजारचे गुरुमूर्ती मामा याचा कच्चा खर्डा वाचून म्हणाले, “हे मृत्युपत्र आहे की रंगाऱ्याची वही?” कलम पाच वाचल्यावर त्यांनी साक्षीदार म्हणून सही करायचे कबूल केले.)

५. चौथ्या खुर्चीविषयी. अप्पा गेल्यानंतरच्या वर्षी ती मूळच्या चंदेरी रंगात आणायचे आम्ही भावंडांनी ठरवले. विजयेंद्र रविवारी येणार होता. मला धीर धरवला नाही. आमच्याकडे लाकडी दारांचा रंग कॉस्टिकने काढत, म्हणून शनिवारी दुपारी मी गरम पाण्यात कॉस्टिक कालवून खुर्चीचे पाय त्यात उभे केले. बुडबुडे आले, रंग सुटला, पत्रा काळपट पडला. मी ती धुतली, पुसली आणि कॉस्टिकविषयी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी विजयेंद्रने उरलेला रंग तारेच्या ब्रशने घासला.

पुढच्या पावसाळ्यात तिचा एक पाय आई बसलेली असताना मोडला. आईचे मनगट गेले. “तुझ्या बापानं तीस वर्षं सांभाळलेली खुर्ची तू एका सकाळीत घालवलीस,” असे ती विजयेंद्रला म्हणाली. तो म्हणाला, “चुकलं माझं.” मी तिथेच हळद गरम करत होते.

नंतर जिन्यात त्याने मला थांबवले. “अक्का, मी हलक्या हातानं घासलं होतं ग. तू पाहिलंस ना?”

मी म्हणाले, “जाऊ दे आता.”

तो पेरुंगुडीला राहायला गेला. आईने शेवटपर्यंत त्याला घरातल्या कुठल्याही वस्तूला हात लावू दिला नाही. तो पाहुण्यासारखा येई आणि जाई. आईला सांगायला माझ्याकडे आठ वर्षे होती. ती संधी मी घालवली. खुर्ची विजयेंद्रने मोडली नाही, मी मोडली, हे मी येथे नोंदवते.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे तसे ठेवू नये. गेल्यावर सांगणे म्हणजे पुन्हा गप्प बसणेच. म्हणून याची प्रत मी आजच पेरुंगुडीला विजयेंद्रकडे स्वतः नेऊन देणार आहे, आणि तो वाचत असताना समोर बसणार आहे. त्याला जे बोलायचे असेल ते मी ऐकून घेईन. त्यानंतर त्याला खुर्च्या नको असतील, तर कलम तीन मी त्याच्यासमोर खोडीन.

सही: श्रीरंजनी तुळजाजी राव

तिने आमच्या डोळ्यांदेखत सही केली व आम्ही तिच्यासमोर केली:
१. गुरुमूर्ती, शेजारी
२. शर्मिष्ठा, सहशिक्षिका

ठिकाण: तिरुवल्लिकेणी, चेन्नई
दिनांक: २२ जून २०२५, रविवार, सकाळी दहा