नकाराच्या एका तासाला बसू देण्याबाबत

प्रति,
मा. केंद्र अधिकारी,
विदेशी भाषा प्रशिक्षण केंद्र,
मस्तगड, जालना.

अर्जदार : वसंता लिंबाजी खरात, वय ७३, पूर्वीचा रोजंदारी पाणीवाला, रा. जुना जालना.

विषय : फ्रेंच वर्गाच्या दुसऱ्या सत्रातील फक्त एका तासाला बसण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे नाव पटावरून कमी केल्याचे आपले दि. १८ नोव्हेंबर २०२४ चे पत्र.

महोदय,

१. अर्जदार अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रौढ वर्गात अक्षरे शिकला. त्याचा नातू मिथुन बियाणे कंपनीच्या नोकरीवर फ्रान्सला गेला व तिकडेच त्याने संसार थाटला. मिथुनची मुलगी चार वर्षांची आहे. अर्जदाराच्या मयत पत्नीवरून तिचे नाव प्रभावती ठेवले आहे. तिला मराठी येत नाही. फोनवर तिच्याशी दोन शब्द बोलता यावेत, एवढ्याचसाठी अर्जदार ऑगस्टमध्ये आपल्या वर्गात दाखल झाला.

२. पहिल्या सत्रात वर्तमानकाळ व नियमित क्रियापदे होती. फळ्यावर 'नियमित' वाचून अर्जदाराने भालचंद्र सरांना विचारले की, ही किती वर्षांच्या सेवेनंतर नियमित झाली. अर्जदाराने एका कार्यालयात एकोणतीस वर्षे रोजंदारीवर पाणी भरले, पण नियमित केल्याचा आदेश कधी आला नाही. त्यामुळे त्या शब्दाचा दुसरा अर्थ त्यास ठाऊक नव्हता. वर्ग हसला. सर म्हणाले, "असणं, जाणं, करणं ही सगळी अनियमित. ज्यांच्यावाचून एक दिवस चालत नाही ती अनियमितच राहतात, काका. तुमच्यासारखी." तेव्हापासून अद्वैत व यशश्री हे विद्यार्थी अर्जदारास रोजंदारी काका म्हणू लागले. त्याबद्दल तक्रार नाही.

३. रीत अर्जदारास लवकर उमगली. क्रियापदाची शेवटची दोन अक्षरे कापायची आणि मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते अशी सहा शेपटे लावायची. त्यातली चार कानाला ऐकूच येत नाहीत, तरी लिहावी लागतात. प्रौढ वर्गात जसे बोलतो तसे लिहायला शिकवले होते, ते इथे उपयोगी पडले नाही. अर्जदाराने पाच वह्या भरल्या.

४. 'माझा तुझ्यावर जीव आहे' हे कसे म्हणायचे, असे अर्जदाराने यशश्रीस विचारले. तिने अद्वैतकडे पाहून एक वाक्य लिहून दिले व म्हणाली, "तिकडं असंच म्हणतात, काका. बिलकुल पाठ करून टाका." अर्जदाराने ते वाक्य व त्या क्रियापदाची सहाही रूपे लिहून वही सरांकडे तपासायला दिली. 'आम्ही'च्या रूपात एक 'ई' राहिला होता. तो सरांनी लाल शाईने घातला आणि वाक्यापुढे बरोबरची खूण केली.

५. दिवाळीच्या दिवशी अर्जदाराने फोनच्या पडद्याजवळ तोंड नेऊन, दात नसल्याने सावकाश, ते वाक्य तीन वेळा म्हटले. त्याचा अर्थ 'मी तुला खातो' असा होतो. मुलगी किंचाळून पळाली. मिथुनचा दुसऱ्या दिवशी फोन आला, "आबा, ती झोपेत दचकून उठून राह्यली. आता थोडे दिवस फोन करू नका."

६. सरांस विचारता ते म्हणाले, "मी रूप तपासलं. रूप बराबर होतं. अर्थाला या सत्रात गुण नाहीत." चुकलेला एक 'ई' ज्यांना दिसला, त्यांना वाक्य दिसले नाही, असे अर्जदारास म्हणता येत नाही.

७. अर्जदाराने तोंडी तक्रार केली, त्यानंतर आठ दिवसांत त्याचे नाव 'उपस्थिती अनियमित' या कारणाने कमी झाले. अर्जदार एकेचाळीसपैकी एकेचाळीस दिवस हजर होता. त्याला सही करायला वेळ लागतो. अकरा दिवस हजेरीचा कागद 'वसं' इतके होताच पुढे ओढून घेतला गेला, व अपूर्ण सही म्हणजे गैरहजेरी धरली गेली.

८. मिथुन व मुलगी २१ डिसेंबर रोजी दहा दिवसांसाठी जालन्यास येत आहेत. खाणारा म्हातारा घरात असेल तर मुलगी येणार नाही. मिथुनने परोपरीने समजावले, पण ती म्हणते, तो स्वतः म्हणाला, मग त्यानेच नाही म्हणावे. सबब ते दहा दिवस अर्जदाराची रवानगी त्याच्याच घरातून आष्टीला, त्याची स्वतःची मुलगी दीपमाला हिच्याकडे ठरली आहे. पिशवी भरून झाली आहे.

९. 'मी तुला खात नाही' हे वाक्य अर्जदारास येत नाही. आपल्या वेळापत्रकाप्रमाणे नकार हा दुसऱ्या सत्राचा पहिला धडा असून तो सोमवार, दि. ९ डिसेंबर रोजी आहे. त्या एका तासाला अर्जदारास दाराशी उभे राहू द्यावे. तो काही विचारणार नाही. हसल्यास हरकत घेणार नाही. वर्गाचे पाणी भरून ठेवील. यावेळी वाक्य सरांनी अर्थासह तपासावे, एवढीच विनंती.

उत्तर आष्टीच्या पत्त्यावर पाठवावे लागू नये, ही आशा ठेवून,

आपला नम्र अर्जदार,
वसंता लिंबाजी खरात
(सही पूर्ण केली आहे)
जालना, दि. २ डिसेंबर २०२४

सोबत :
१) वहीच्या पानाची झेरॉक्स, लाल 'ई' व खुणेसह.
२) 'वसं' अशा अकरा सह्यांच्या हजेरीची नक्कल.
३) नकाराचे वाक्य : येत नसल्याने जोडलेले नाही.