मोठ्या मापाचं टोपडं

हंट्सव्हिल, ७ फेब्रुवारी १९९३

ती. ओझेलामावशीस,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. चर्चच्या पायऱ्या जपून चढ, असं सांगून उपयोग नाही, तरी सांगते.

इकडे माझं डोकं फिरलंय, आणि कारणही डोकंच आहे. ज्या कॅमेऱ्याच्या भिंगांसाठी मी चार वर्षं खपले, तो उपग्रहावर चढवायचा म्हणून निर्धूळ खोलीत जुळवायला घेतलाय. आत जाताना सगळ्यांनी डोक्यावरून पांढरं टोपडं चढवायचं असतं. ते माझ्या दाट कुरळ्या केसांवर बसतच नाही. परवा ओढून बसवलं तर शिवण टर्रकन उसवली. हॉलिससाहेब म्हणाले, टोपडं एकाच मापाचं येतं, केसांचं काय ते तू बघ. नाहीतर भिंगं तुझा मदतनीस कॅल्विन बसवेल आणि तू काचेबाहेरून फोनवर सांग. मार्चअखेर कॅमेरा कायमचा सीलबंद होणार, मग आत कुणाचाच हात जायचा नाही. लेकरू माझं, न्हाऊ घालणार दुसराच!

तुझी,
रनेटा

ऑरेंजबर्ग, १५ फेब्रुवारी

चि. रनेटा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तशीच उत्तराला बसले. भेंडीचं सूप करपलं, ते तुझ्या नावावर.

मुली, हट्ट सोड. मी सारी हयात शाळेत बीजगणित शिकवलं आणि दर शनिवारी तापल्या लोखंडी कंगव्यानं केस सरळ करत आले. कान भाजले, मान भाजली, पण माझ्या केसांवर बोलायची एकाही हेडमास्तरची छाती झाली नाही. तुझ्या आईनंही तेच केलं. दीड महिन्याचा तर प्रश्न आहे. भिंगं बसव, मग वाढव हवं तेवढं जंगल. केसांपायी हातातलं काम घालवणं हा बाणेदारपणा नाही, आडमुठेपणा आहे, आणि तो तू थेट माझ्याकडून उचललास.

रागावले तरी तुझीच,
ओझेलामावशी

हंट्सव्हिल, २२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न.

तुला कळवलं नव्हतं, पण मागच्या कॅमेऱ्याच्या वेळी मी तेही करून पाहिलं. केस सरळ करून आत गेले. टोपड्यात घामाच्या धारा लागतात, आणि घाम लागला की आपल्या काळ्या बायकांचे केस कसे मूळ पदावर येतात, ते तुला काय सांगायचं! तासाभरात टोपडं फुगून वर आलं आणि मला बाहेर काढलं. बाहेर उभी होते तेव्हा मला साहेबांचा नाही, माझ्याच केसांचा राग आला. स्वतःच्या डोक्याचा असा राग मला पुन्हा नको, मावशी. केस आहेत तसेच राहतील.

टोपडंच बदला, असं साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, नमुना आणून दाखव. आता तो कुठून आणू?

तुझी आडमुठी,
रनेटा

ऑरेंजबर्ग, ४ मार्च

चि. रनेटा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा कान उपटायचाच बेत होता. मग ती रागाची ओळ वाचली आणि डोळ्यांत पाणी आलं. तो राग माझ्या चांगला ओळखीचा आहे. आजवर कुणाला बोलले नव्हते.

सोबत पार्सल आहे. आपण झोपताना घालतो त्या सॅटिनच्या टोपीवरूनच बेतलंय. मागे चुण्या भरपूर घातल्यात, खाली गळ्यापर्यंत आणलंय. कापड भारीतलं आहे. ईस्टरच्या हॅटवरची लेस उरली होती, ती कडेला लावली. शास्त्रज्ञ झालीस म्हणून अगदीच पांढरंफटक कशाला दिसायचं?

आता मागे हटलीस तर माझ्याशी गाठ आहे.

ओझेलामावशी

हंट्सव्हिल, १३ एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. न.

जिंकलो!

तुझं टोपडं साहेबांनी चिमट्यानं उचललं. त्या लेसच्या धाग्यांनी कॅमेरा वर जाण्याआधीच आंधळा झाला असता. पण तुझा बेत मी टोपडी शिवणाऱ्या कंपनीला पाठवला आणि त्यांनी तसंच्या तसं, धागे न सुटणाऱ्या कापडात शिवून दिलं. ते घालून मी धूळ मोजणाऱ्या यंत्रापुढे मान हलवली, उड्या मारल्या, चक्क नाचले. कण म्हणून सापडला नाही. साहेबांनी तिथल्या तिथे मंजुरीची सही केली. भिंगं मी माझ्या हातांनी बसवली, कॅल्विननं स्क्रू पुरवले. कॅमेरा सीलबंद झाला, मावशी. आता तो वर जाईल तो माझ्या हातचा.

आणि हे ऐक. मोठ्या मापाची टोपडी खोकाभर आली होती. माझ्याशिवाय कोण घालणार, म्हणून काल सोमवारी मी पुढच्या कॅमेऱ्याच्या कामाला आरामात गेले. बघते तर खोका रिकामा! काचेतून डोकावले. आत आराखडे काढणारी व्हर्नेल होती, संगणकावर बसणारी क्लोडिया होती, आपल्या आणखी कितीतरी जणी होत्या. आत जायची आम्हाला हौसच नाही, असं वर्षानुवर्षं मला सांगणाऱ्या! व्हर्नेलनं आतून हात हलवला आणि खुणेनं बजावलं, उद्या लवकर ये.

मी काचेबाहेर उभी राहून वेड्यासारखी हसत होते, रडतही होते. साहेबांनी घाबरून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, पुढच्या वेळी दुप्पट मागवा.

तुझ्या लोभाचं माप मात्र आहे तेच राहू दे. ते मला कधी अपुरं पडलं नाही.

तुझी,
रनेटा