वरची खोली माझी

प्रिय दादा,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला. पण तुला दुसरं काही म्हणायची सवयच नाही मला.

घराच्या वाटणीचा दावा लावला तेव्हा मला घर नकोच होतं. मला तुझा खालचा सुतारकामाचा कारखाना बंद पाडायचा होता. रंधे, करवती रस्त्यावर याव्यात, गिऱ्हाइकांसमोर तुझी मान खाली जावी, एवढंच डोळ्यांसमोर होतं. मी माझ्या मनाने लग्न केलं म्हणून तू मला घराची पायरी चढू दिली नाहीस, ते एकवेळ गिळलं असतं. पण आई गेल्याचं मला शेजारच्या काकूंकडून कळावं? तेही सगळं उरकल्यावर?

कोर्टाने मध्यस्थीला पाठवलं तेव्हा मी चिडलेच. म्हटलं, आता गोड बोलून गप्प बसवणार. पण त्या मध्यस्थ बाईंनी उपदेशाचं अक्षर काढलं नाही. तू पलीकडच्या खोलीत होतास. त्यांनी मला विचारलं, कारखाना बंद पडला, मग पुढे काय? मी तोंड उघडलं आणि भलतंच बोलून गेले: आई माझी आठवण काढत होती का, एवढं त्याने सांगावं. बाई म्हणाल्या, हे त्यांच्या कानावर घालू? नको म्हणालात तर इथेच राहील. मी म्हटलं, घाला.

तू आत आलास, खुर्चीची पाठ धरून उभाच राहिलास. म्हणालास, रोज विचारायची. मी रोज सांगायचो, निघालीय, येतेय. फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. बोलून बसलो होतो ना, हिला घरात घेणार नाही म्हणून. वाटलं, अजून वेळ आहे. मग तू रडलास. मला बरं वाटलं, दादा. खोटं कशाला बोलू? वर्षानुवर्षं कोर्टात भांडूनही तुझं हे तोंड मला बघायला मिळालं नसतं.

ठरलं ते तुला माहीत आहे: कारखाना तुझा, वरची आईची खोली माझी. उद्या सह्या. तुला वाटत असेल, मी तिथे भाडेकरू ठेवीन. म्हणून आधीच कळवते, मी स्वतः राहायला येतेय, नवऱ्याला घेऊन. रोज काम आटपलं की तू वर यायचंस आणि आईचा एकेक दिवस मला सांगायचास. काय खाल्लं, काय म्हणाली, माझं नाव कसं घेतलं. सगळं ऐकून होईपर्यंत माफीबिफी काही नाही, पुढचं पुढे. झेपणार नसेल तर सही करू नकोस, कोर्टात भेटू. झेपणार असेल तर रविवारी सामान घेऊन येते. दार उघडायला तू ये, वहिनीला पाठवू नकोस.

तुझीच,
धाकटी