मोठ्या प्रेसचं पान

२५ सप्टेंबर, गुरुवार

दोनशे बारा लिंका मेल्या. एकही उघडत नाही!

लहान प्रेस आणि मोठी प्रेस – आमचा कारखाना बनवतो त्या पत्रा दाबायच्या मशिनी. त्या कशा चालवायच्या याची पुस्तकं मी संगणकावर एक्सएमएलमध्ये लिहिलेली. स्टाइलशीट त्यांची वेबपानं करते तेव्हा फाइलींची नावं बदलतात, आणि लिंका जुन्याच नावांना हाका मारत बसतात. विजयसिंह साहेब म्हणाले, "खंडेनवमीच्या आत पायजे. जमतंय का न्हाय तेवढं सांग." जमतंय, म्हणाले मी. डिसेंबरपर्यंत माझी नोकरी कच्ची – दुसरं काय म्हणणार!

२६ सप्टेंबर

जमलं! स्टाइलशीटमध्ये एकच नियम घातला – पत्त्यातलं फोल्डर गाळायचं, नुसतं फाइलीचं नाव घ्यायचं, पुढे एचटीएमएल लावायचं. सगळी पानं एकाच जागी. मेलेल्या लिंका शून्य. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

२९ सप्टेंबर, सोमवार

चुकलंय माझं.

'वीजबंद' नावाची फाइल – मशिनीत हात घालण्याआधी वीज कशी तोडायची – दोन्ही पुस्तकांत आहे. फोल्डर गाळलं, तसं लहान प्रेसचं पान मोठीच्या पानावर जाऊन बसलं. मोठीची लिंक दाबली की लहानीचं पान उघडतं! त्यात मुख्य स्विच डावीकडे. मोठीला डावीकडे नुसता दिव्याचा, मुख्य उजवीकडे मागे. कुणी डावा बंद केला, दिवा गेला, वाटलं वीज गेली – आणि हात आत घातला तर?

लिंक मेलेलीच बरी होती. माणूस निदान विचारायला तरी आला असता.

नियम सुधारला. पान आता बरोबर उघडतंय. कुणाला बोलले नाही. भित्री आहे मी.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

मशिनींना झेंडूचे हार. मोठ्या प्रेसवर हळदकुंकू लावायला वाकले आणि हातच थांबला. समोर माझं पान! छापलेलं, प्लास्टिकमध्ये घातलेलं, चिकटवलेलं. चुकीचंच.

लालासाब चाचा जुने फिटर. म्हणाले, "तेलकट हातानं त्यो कंप्युटरचा पडदा कोण बगतंय? छापून घेतलं की गेल्या शुक्रवारीच."

भोवती सगळे. साहेब पेढे वाटत होते. मी त्या पानावर कुंकू लावलं.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं देताना प्रत्येकाचे हात बघत होते. बोटं मोजत होते.

३ ऑक्टोबर

सकाळी चाचांना सांगून टाकलं. "चाचा, ते पान चुकलंय. माझ्यामुळं." ते हसले. "आगं, बावीस वर्सं झाली मला. कागदावर काय बी असू दे, माजा हात उजव्या स्विचवरच जातोय." पान ओढून काढलं त्यांनी. मला रडूच आलं. सुटले एकदाची!

३ ऑक्टोबर, दुपारी

चाचा परत आले. हसत नव्हते. "पोरी, आपल्या मशिनीचं न्हवं गं. गेल्या शनवारी तीन मोठ्या प्रेस तीन गिऱ्हाइकांकडं गेल्यात. तिन्हीवर त्येच पान चिकटवून दिलंय."

साहेबांना सांगितलं. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. तिन्हीकडे फोन लावले. दोघांनी उचलला, पान फाडलं. तिसरीकडे नुसती रिंग जातेय.