बेचाळीस वर्षांचा बिबट्या

मु. भाटघर, भोरजवळ
सोमवार, दिवाळीआधीचा आठवडा, १९३६

प्रभूच्या मळ्यात राबणारे आमचे वडीलबंधू, नगरकडचे पाळक कुंडलिकराव यांच्या सेवेशी, भाटघरच्या शाळेत पोरांच्या पाट्या पुसणारा धाकटा चुलतभाऊ सावळाराम याचा सलाम. (अहो-जाहो इथपर्यंतच. पुढचं पत्र पाळकाला नसून दादाला आहे, तेव्हा अरे-तुरे चालवून घे.)

वहिनींचे गुडघे कसे आहेत? पोरांची खरूज गेली का? गेली असेल असं धरून चालतो, कारण तू फक्त दुखणं कळवायला पत्र लिहितोस आणि दोन महिने पत्र नाही. इकडे माझं पोट नेहमीसारखंच आहे, म्हणजे नाहीच म्हटलं तरी चालेल. आजोबा गेले, हे कोपरा फाडलेल्या कार्डावरून कळलंच असेल. (ख्रिस्ती घरातून कोपरा फाडून कार्ड कशाला, असं तू म्हणशील. पण न फाडता टाकलं तर आमचा पोस्टमन ते चार दिवस पिशवीत मुरवतो.) आजी बरी आहे. जेवते, पण आजोबांच्या बाजेकडे पाठ करून जेवते. बाकी सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण ठीक काहीही नाही.

आता बिबट्याचं. ती गोष्ट तुला माझ्यापेक्षा चांगली सांगता येते, तरी एकदा मांडू दे, कारण तिचं पुढं काय झालं ते सांगायचं आहे. बेचाळीस वर्षांपूर्वी आजोबा वेल्ह्याच्या डोंगरात गुरं राखून होते आणि बिबट्या वाड्यांवरची करडं उचलत होता. आजोबांकडे ठासणीची बंदूक. श्रावणात एक दिवस बोकड बांधून ते जांभळीवर मचाण करून बसले. तिन्हीसांजेला धुकं उतरलं, खाली झुडूप हललं आणि आजोबांनी देवांचा धावा सुरू केला. वाघजाई, म्हसोबा, शिरकाई, ज्यांची ज्यांची नावं ठाऊक होती त्या सगळ्यांना हाका मारून झाल्या. शेवटी तापाच्या गोळ्या वाटत फिरणाऱ्या पाद्रीसाहेबांनी सांगितलेलं एकच नाव उरलं होतं. ते घेतलं आणि चाप ओढला. बिबट्या दरीत, दरीतून नदीत, आणि नदीला पूर, म्हणून कातडं नाही. (मी मास्तर असून मला या 'म्हणून'ची कधी शंका आली नाही.) महिन्याभरात आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पाठोपाठ आजीने घेतला, आणि आजीचा धाकटा भाऊ नाथा याने बहिणीला माहेरचं दार बंद केलं. (आपल्या वडिलांचा तो मामा, आणि न बघताच आपणही त्याला नाथामामाच म्हणत आलो.) तेव्हापासून ना भाकरी ना पाणी. एवढी किंमत देऊन आपण ख्रिस्ती झालो ते त्या एका जनावरापायी. तुझ्या दीक्षेच्या दिवशी तू तो बिबट्या बारा फुटांचा केलास तेव्हा बायका पदर डोळ्यांना लावून रडल्या, आणि मीही रडलो, हे मला आता आठवून अंगावर काटा येतो.

आजोबांनी आपल्याला ससे मारायला नेलेलं आठवतं का? आधी प्रार्थना, ती एवढी लांब की ससा तोवर भोरच्या बाजारात पोचलेला असायचा. आणि ती दुसरी खोड! झुडूप हललं की बंदूक खांद्याला लावून आधी मोठ्याने ओरडायचे, "कोण हाय रं तिकडं?" एकदा नाही, तीनदा. डुक्कर काय जबाब देणार? उधळायचं. इतकी वर्षं गावाने त्यांना हसून घेतलं, आपणही हसलो, आणि ते गप्प बंदूक उतरवून घरी यायचे. मला वाटायचं, म्हातारपण. पण दादा, तेव्हा ते पुरते पन्नाशीचेही नव्हते.

आणखी एक तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. माझी भागू गेली (तीन वर्षांची होती, तापाने गेली, तू तेव्हा आला होतास), त्यानंतर माझ्याच्याने प्रार्थना होईनाशी झाली. शाळेत पोरांकडून करून घ्यायचो, स्वतः नुसते ओठ हलवायचो. तेव्हा मी त्या बिबट्याला धरून राहिलो. म्हणायचो, झाडावर बसलेल्या एका अडाणी गुराख्याची हाक देवाने ऐकली, तर तो बहिरा नाही. माझं काही चुकलं असेल. तुला हसू येईल, पण मला दुसरं काही सापडलं नाही.

तर गेल्या महिन्यात आजोबांनी अंथरूण धरलं. एका मंगळवारी दुपारी आजी नदीवर धुणं घेऊन गेली होती. मला बाजेशी बसवलं आणि म्हणाले, "सावळ्या, ते वाघरू नव्हतं." मी म्हटलं, मग काय होतं? तर म्हणाले, "नाथाची तांबडी कालवड."

मी ताप बघायला कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता. धुक्यात चुकलेली कालवड बोकडाच्या ओरडण्याने झाडाखाली आली होती. गोळी लागल्यावर ती हंबरली तेव्हा आजोबांना कळलं. दादा, गुराख्याच्या हातून गाय! आणि तीही बायकोच्या भावाची, त्याच्या गोठ्यातलं पहिलं जनावर. त्यांनी तिला ओढत नेऊन दरीत लोटलं आणि वाडीवर येऊन बिबट्याचं सांगितलं. दोन दिवसांनी नाथामामाला कालवड सापडली ती कोल्ह्यांनी अर्धी खाल्लेली, तेव्हा पुरावाही आपोआप तयार झाला. आजोबांच्या घशाखाली घास उतरेना. पंचांपुढे जावं तर सांगावं लागणार. मग ते पाद्रीसाहेबांकडे गेले आणि विचारलं, तुमच्या देवाकडे कसलंही पाप धुऊन निघतं का? साहेब म्हणाले, कसलंही. आजोबांनी विचारलं, गावाला सांगावं लागतं का? साहेब म्हणाले, देवाला सांग. (साहेबांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांना कालवड ठाऊक नव्हती.) आजोबा रडत रडत मला म्हणाले, "देवानं माफ केलं, ते मला ठावं हाय. पर कालवड देवाची न्हवती, नाथाची व्हती." मग हात धरून वचन घेतलं. नाथाला बोलावून आण, मी सांगतो; माझ्याच्याने नाही झालं तर तू सांगायचं. मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणतं?

तेव्हा बुधवारी पहाटे मी नाथामामाच्या वाडीला निघालो. साडेचार कोस, सगळा चढ, आणि माझं पोट हे असं. मास्तराने नीटनेटकं जावं म्हणून कोट, काळी टोपी, छत्री आणि कातडी पिशवी घेतली, तिथंच घात झाला. वाडीवरच्या लोकांनी मला लांबून पाहिलं आणि देवी टोचणारा सरकारी माणूस आला असं समजून पोरं काखोटीला मारून झाडून सगळे रानात पळाले. एक म्हातारी तर जाताना चुलीवरचं कालवणही घेऊन गेली. राहिली कुत्री (त्यांनी माझ्या धोतराचं काय केलं ते पाळकाला लिहिण्याजोगं नाही) आणि ओट्यावर एक म्हातारा, ज्याला गुडघ्यांमुळे पळता येत नव्हतं. त्याने बाही वर केली आणि दंड पुढे करून म्हणाला, "मला टोच बाबा, पोरास्नी सोड." तो नाथामामा. मी म्हटलं, मी तुमच्या बहिणीचा, बाळाबाईचा नातू. त्याने बाही खाली घेतली. मग विचारलं, "आक्का हाय?" आहे म्हटलं. पण तुमचे दाजी आता चार दिवसांचे सोबती, तुम्हाला बघायचंय म्हणतात. म्हातारा उठला आणि खुंटीवरचं मुंडासं बांधायला लागला.

एका तट्टावर बसवून त्याला आणला. वाटभर तो बोलत होता. म्हणाला, धरम बुडवला माझ्या दाजींनी, त्याचा राग मरंस्तोवर जाणार नाही. पण माझी कालवड खाणारं वाघरू मारलं तेही त्यांनीच, हे कुणी नाकारू नये. गेली बेचाळीस वर्षं तो वाडीवरच्या पोरांना ती गोष्ट सांगतोय. त्याचा बिबट्या तुझ्यापेक्षा मोठा आहे. मी तट्टाचा लगाम धरून खाली मान घालून चालत होतो.

घरी आल्यावर तो बाजेशी बसला. आजोबांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "नाथा, तुजी ती तांबडी कालवड..." एवढंच. नाथामामा हुंदका देऊन म्हणाला, "तिचं उट्टं काढलंसा दाजी तुमी. मान ताठ हाय माजी त्यानं." आजोबांचं तोंड उघडंच राहिलं. माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे वळले. शनिवारी सकाळी गेले, मध्ये कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. मातीच्या वेळी नाथामामाने वाडीच्या पंचांची पर्वा न करता मूठभर माती टाकली आणि आजीला म्हणाला, "आक्का, भाऊबिजेला ये. दार उघडं हाय." नवरा गेल्यावर तोवर न रडलेली आपली आजी तेव्हा रडली. तेव्हापासून रोज विचारते, भाऊबीज किती दिवसांवर राहिली?

तर येत्या रविवारी आजोबांच्या स्मरणाची उपासना आहे. पुण्याहून मिशनचे साहेब यायचे आहेत, आणि सगळ्यांना बिबट्या ऐकायचा आहे. मला उभं राहून बोलायला सांगितलंय. माझ्याच्याने होणार नाही. तू ये आणि सांग. तुझा आवाज मोठा आहे आणि तू ती गोष्ट मनापासून सांगतोस. वहिनींना सलाम, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सावळाराम

ता. क. – वरचं लिहून वाचलं तेव्हा ध्यानात आलं की हे सगळं कळल्यावर तूही ती गोष्ट मनापासून सांगू शकणार नाहीस. म्हणजे पत्र लिहून मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. तेव्हा खरं काय ते मागतो. तू पाळक आहेस. मेलेल्या माणसाला दिलेलं वचन मोडायची मोकळीक पाळकाला देता येते का? येत असेल तर दोन ओळींत लिही. नाथामामाला कळलं तर ते दार पुन्हा लागेल, आणि आता आजीच्या हातात वर्षं किती उरली आहेत? वचन पाळलं तर तिचं माहेर जातं, न पाळलं तर आजोबा मला स्वस्थ झोपू देत नाहीत. तू म्हणशील तसं करीन. पत्र वाचून जाळून टाक.

दुसरा ता. क. – तुला जाणारं प्रत्येक पत्र आजी आधी माझ्याकडून वाचून घेते हे मी विसरलो होतो. मी खुशाली वाचली, खरूज वाचली, सलाम सांगितला आणि घडी घातली. तर म्हणाली, "सकाळधरनं लिवतुयास आन एवढंच लिवलंस?" कागद मोजले तिने. मला थापा मारता येत नाहीत हे तुला ठाऊक आहे. आपल्या घरात ती कला आजोबांबरोबरच गेली. मी सगळं वाचलं. तिने विचारलं, पांढऱ्या पायाची का ती? मी म्हटलं, मला काय ठाऊक. म्हणाली, तिची आय माझ्या हातची वाढलेली. मग रिकाम्या बाजेकडे तोंड करून आजोबांना जे बोलायला लागली ते दिवेलागणीपर्यंत. बेचाळीस वर्षं शेजारी निजलात आन तोंडातनं ब्र काढला न्हाई, एकट्यानं वझं वाहिलंत, मी मेले होते का? त्यातलं बरंचसं मला लिहवत नाही. शेवटी डोळे पुसून तिथंच मान खाली घालून बसली. ती प्रार्थना करत होती. मग म्हणाली, उद्या वाडीला जायचं, मी सांगते नाथाला.

मी हातापाया पडलो. म्हटलं, आजी, भाऊबीज होऊ दे. दहा दिवसांचा प्रश्न आहे. एकदा माहेरचं ताट जेवून ये, भावाला ओवाळून घे, मग सांग. तर म्हणाली, "जेवून सांगितलं तर त्ये जेवान चोरल्यावानी व्हईल. ज्याची कालवड त्याला आदी कळू दे. मग वाढायचं का न्हाई ते तो बघंल." दादा, बारा वर्षं मी पोरांना धर्माचे धडे शिकवतोय आणि तिला स्वतःचं नावही लिहिता येत नाही. आत्ता, हे लिहायला बसण्याआधी, मी भागू गेल्यानंतर पहिल्यांदा ओठ न हलवता प्रार्थना केली. नाथामामाने दार लावू नये, एवढंच मागितलं.

तिसरा ता. क. – मंगळवार सकाळ. ती भाकरी बांधून उंबऱ्यात उभी आहे. मला कोट घालू देत नाही, म्हणते पोरं भितील. तेव्हा वरचं सगळं सोड. मोकळीक नको आणि बिबट्याही नको. रविवारी काय बोलायचं ते मी बोलेन. तू फक्त भाऊबिजेला ये. नाथामामाने दार उघडं ठेवलं तर आपण दोघं तिला तट्टावरून माहेरी नेऊ. लावलं तर त्या दिवशी तिला ओवाळायला समोर कुणीतरी पाहिजे, आणि ती रोज दिवस मोजत होती. नातू बसला तर चालेल का, हे तिला विचारायची माझी छाती नाही. पाळकाने भाऊबिजेला पाटावर बसलेलं मिशनला चालतं का, ते तू बघ. तबक मी शेजारून मागून आणतो.