पहिला चेंडू कोणी फेकायचा

हॅरो फॉल्स, मिनेसोटा
५ मे

परमादरणीय मेहुणे डॉक्टर आर्विडराव यांस,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे ऑर्व्हिलचा, उभ्याउभ्याच नमस्कार. (वाकलो असतो, पण उजवा खांदा गेल्या आठवड्यापासून वाकण्याच्या विरोधात गेला आहे. का, ते पुढे येईलच.) तुमची तब्येत, तुमच्या गुडघ्याची तब्येत आणि तुमच्या दवाखान्यातल्या गायींची तब्येत उत्तम असावी. वासरं व्हायचा हंगाम असल्यामुळे हे पत्र तुम्हाला दोन बैठकांत वाचावं लागेल, याची मला कल्पना आहे. मार्लिस बरी आहे. सासूबाई तर इतक्या बऱ्या आहेत की त्याबद्दल वेगळं लिहावं लागणार आहे. तो भाग घाईने शोधू नका, क्रमाने या.

पंधरा तारखेला आपल्या हेरॉन्सचा (म्हणजे बगळ्यांचा, गावच्या बेसबॉल संघाचा) हंगामातला पहिला सामना. तुम्ही फार्गोला गेल्यापासून मोठ्या शहरांचे संघ बघता, तेव्हा आमच्या बगळ्यांबद्दल तुम्हाला काय वाटतं ते मला ठाऊक आहे, नाताळात तुम्ही ते जेवणाच्या टेबलावर सविस्तर सांगितलंच होतं. गेल्या वर्षी आम्ही सतरा सामने जिंकलो आणि एकेचाळीस हरलो हे खरं. आपले खेळाडू मैदानात बगळ्यासारखेच एका पायावर उभे राहतात आणि मासा स्वतःहून येईल म्हणून वाट बघतात, हेही खरं. पण यंदा गोष्ट वेगळी आहे. (मी हे दर वर्षी म्हणतो, असं मार्लिस आत्ता मागून म्हणाली.) यंदा मैदानावरचा बर्फ एप्रिलमध्येच वितळला, उजव्या कोपऱ्यातला एक ढीग सोडून. त्या ढिगाला लोकांनी नाव ठेवलं आहे आणि तो पहिल्या सामन्यापर्यंत टिकेल की नाही यावर न्हाव्याच्या दुकानात रोज वाद होतात. नवे सदरेही आले. छापणाऱ्याने ‘हेरॉन्स’ऐवजी ‘हेरिंग्ज’ छापलं. म्हणजे पक्ष्याने खायचा मासा पक्ष्याच्या छातीवर! क्लबवाले सदरे परत पाठवणार होते, पण आपल्या गावात हेरिंग न खाणारं घर नाही. लोकांनी दुकानातच ते सदरे हातोहात उचलले, त्यामुळे आता खेळाडूही तेच घालणार आहेत.

मी रोज सकाळी नऊला डबा घेऊन जाळीमागे बसतो. निवृत्त माणसाला काहीतरी जबाबदारी लागते, आणि संघाचा सराव नीट चालला आहे की नाही हे बघणारं दुसरं कोणी नाही. (प्रशिक्षक आहे, पण तो आतून बघतो. बाहेरून बघणारा मी एकटा.) चार वर्षं मी याच जागेवरून आपल्या तादेओला मार्गदर्शन करतो आहे. तादेओ बारिएंतोस म्हणजे आपला मुख्य पिचर, चेंडू फेकणारा. दूर दक्षिणेकडच्या लारेडोचा आहे, पण हिवाळ्यातही इथेच राहतो आणि टायरच्या दुकानात काम करतो. पोरगा गुणी, पण त्याचा चेंडू असा येतो की वाटेत कोणाची चौकशी करत येतोय असं वाटावं. त्याला हुरूप यावा म्हणून मी एक वाक्य ओरडतो. ते वाक्य तुम्हाला कधीतरी कळणारच, तेव्हा माझ्याकडूनच कळलेलं बरं. ते असं: “अरे, यापेक्षा माझी सासू जोरात फेकते!” यात तुमच्या मातोश्रींचा मी आदरानेच उल्लेख करतो, हे लक्षात घ्यावं. चार वर्षांत हे वाक्य गावभर इतकं झालं की आता मी “अरे” म्हटलं की उरलेलं अख्खं स्टँड म्हणतं.

आता मुद्द्याकडे येतो. मार्चमध्ये चर्चच्या हॉलमध्ये क्लबने पॅनकेकचा नाश्ता ठेवला होता. पॅनकेक खाणाऱ्या प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी हेल्मेटमध्ये टाकायची, आणि जिची चिठ्ठी निघेल त्या व्यक्तीने पहिल्या सामन्याआधी मानाचा पहिला चेंडू फेकायचा. मी दोनदा पॅनकेक घेतले. चिठ्ठी माझी निघाली. ती काढली तादेओने. चिठ्ठी वाचून तो आधी हसला नाही. त्याने ती घडी करून खिशात ठेवली, माझ्यापर्यंत चालत आला, हात मिळवला आणि हळूच म्हणाला, “काका, आता जाळीच्या आत या.” मग सगळा हॉल हसला. पाद्रीसुद्धा.

मेहुणेसाहेब, पिचरपासून चेंडू पकडणाऱ्यापर्यंतचं साठ फूट हे अंतर स्टँडवरून बघताना फारसं वाटत नाही. मी गॅरेजमध्ये सराव सुरू केला. मार्लिसने पाहुण्यांच्या खोलीतली जुनी गादी भिंतीला टांगून दिली आणि तिच्यावर खडूने चौकोन काढला. दोन आठवड्यांनंतर परिस्थिती अशी आहे: खिडकी गेली, कपडे धुण्याच्या यंत्राचं झाकण आत दबलं, तुम्ही लग्नात दिलेलं बर्फ उपसायचं फावडं (त्याची आठवण मी नेहमी काढतो) दांड्याशी मोडलं. गादी सुखरूप आहे. तिला अजून एकही चेंडू लागलेला नाही.

शेवटी मार्लिसनेच तादेओला फोन केला. मला न विचारता. मी रागावलो, पण तो रोज संध्याकाळी टायरच्या दुकानातून सुटला की माझ्यासाठी अर्धा तास मैदानावर येऊ लागला, आणि चार वर्षं मी त्याला जे ऐकवलं होतं त्यातलं एक अक्षर त्याने मला परत ऐकवलं नाही. हे फार वाईट झालं. ऐकवलं असतं तर फिटंफाट झाली असती. त्याऐवजी तो म्हणायचा, “छान, काका. फक्त डोळे उघडे ठेवा.” पहिल्या दिवशी चेंडू हातातून मागे सुटला. दुसऱ्या दिवशी मैदानावरच्या पांढऱ्या रेघा आखणाऱ्या माणसाच्या चुन्याच्या बादलीत गेला, आणि तो माणूस दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता. तिसऱ्या दिवशी सामन्यात एक जण संघाचा बगळा बनून नाचतो त्याचा पोशाख दोरीवर वाळत घातला होता (हिवाळ्यात त्यात उंदरांनी संसार थाटला होता), माझा चेंडू थेट त्याच्या तोंडावर बसला आणि चोच निखळली. तादेओ म्हणाला, “जोर आहे, काका! आता दिशा बघू.” त्या रात्रीपासून खांदा असा दुखतो की शर्टाची बाही मार्लिसला घालून द्यावी लागते.

आता बसा. बसलात? गाय असेल तर तिला बांधून या.

गेल्या गुरुवारी सासूबाई सरावाला आल्या होत्या.

तुमची सूचना आम्हाला माहीत आहे. जानेवारीत त्या पडल्या, तेव्हापासून वृद्धनिवासाच्या फाइलीत तुमच्या सहीचं पत्र आहे की दात आणि केस या दोन कारणांखेरीज त्यांना बाहेर नेऊ नये. मार्लिसने नियम मोडला नाही. ती त्यांना केस कापायलाच घेऊन निघाली होती. पण न्हावीणबाईंचं दुकान बंद निघालं (मंगळवार सोडून ते कधीच उघडं नसतं, हे मार्लिसला तीस वर्षं माहीत आहे), आणि गाडी तोंड वळवेल तिकडे गेली. सासूबाई पहिल्या रांगेत शाल पांघरून, समोर वॉकर ठेवून बसल्या आणि माझे सहा चेंडू त्यांनी बघितले. सातव्याला मोठ्याने हसल्या. आर्विडराव, जानेवारीनंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा ऐकलं, त्यामुळे मला राग आला नाही. म्हणजे आला, पण उशिरा.

तादेओने टोपी काढून विचारलं, “आजी, तुम्ही ऑर्व्हिलकाकांच्या सासूबाई का?”

“दुर्दैवाने,” त्या म्हणाल्या.

“मग चार वर्षं मी तुमच्याबद्दल ऐकतोय. तुम्ही माझ्यापेक्षा जोरात फेकता म्हणे.”

मी पायातल्या बुटाची नाडी बांधू लागलो. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि हात पुढे केला. “आण इकडे. आणि तुम्ही सरका, जावईबुवा.”

आम्ही नको म्हणालो, हे मी शपथेवर सांगतो. मार्लिस तर दोनदा म्हणाली. पण त्या वॉकर ढकलत गवतावर गेल्याच. अंतर निम्मंच ठेवलं, साधारण तीस फूट. डावा हात माझ्या (चांगल्या) खांद्यावर टेकवला, उजवा हात मागून गोल फिरवला आणि खालून चेंडू सोडला. वर गेला नाही, बाजूला गेला नाही. सरळ रेघेत जाऊन तादेओच्या हातमोज्यात थप्पकन बसला. त्याला हात हलवावाही लागला नाही. रेघा आखणारा माणूस बादली खाली ठेवून बघत राहिला. तादेओने चेंडू मोज्यातून काढून उलटापालटा करून बघितला. मग म्हणाला, “आजी, हे कुठे शिकलात?”

तेव्हा कळलं की तरुणपणी त्या लोण्याच्या कारखान्यातल्या बायकांच्या संघात तीन वर्षं चेंडू फेकत होत्या. हे तुम्हाला माहीत होतं का? मार्लिसला नव्हतं. सासष्ट वर्षांच्या मुलीला आईबद्दल असं काही नवीन कळलं की तिचं तोंड कसं होतं, ते बघण्यासारखं होतं. खेळ का सोडलात विचारलं तर म्हणाल्या, “आर्विडच्या वेळी दिवस गेले.” मी फक्त निरोप पोचवतो आहे.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. शनिवारपर्यंत गावभर झालं. क्लबवाले घरी आले, खुर्चीच्या कडेवर बसले, माझ्या खांद्याची फार आस्थेने चौकशी केली. मी मोठ्या मनाने म्हणालो की माझा मान मी आनंदाने सासूबाईंना देतो. त्यांच्यासाठी हेरिंग छापलेला लहान मापाचा सदराही आला आहे. त्या तो झोपतानाही काढत नाहीत असं तिथल्या परिचारिका सांगतात. माझ्याकडे त्यांच्या शेजारी उभं राहून खांदा देण्याचं काम आहे. बगळ्याची चोच मी स्वतः डिंकाने चिकटवली. थोडी वाकडी बसली आहे, त्यामुळे तो आता कायम काहीतरी विचारतो आहे असं दिसतं. तुमच्या गुडघ्याला जपा. गायींना माझा नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
ऑर्व्हिल टॉर्गर्सन

ता. क. एक बारीक गोष्ट राहिली. सोबत पिवळ्या रंगाचा परवानगीचा एक फॉर्म आहे. सामन्यासाठी बाहेर पडणं दात किंवा केस यांत बसत नाही असं निवासाच्या मुख्य बाईंचं म्हणणं पडलं. (गेल्या आठ दिवसांत तीनदा केस कापायला म्हणून बाहेर नेल्यामुळे त्यांना संशय आला आहे. डोक्यावर मुळात कापण्यासारखंही फार उरलेलं नाही.) खाली डाव्या बाजूला तुमची सही हवी. फार वाचत बसू नका.

ता. क. २. मार्लिसने वरचं सगळं वाचलं आणि ‘मोठ्या मनाने’ या शब्दांना हरकत घेतली. तिच्या सांगण्यावरून कळवतो की क्लबवाले गेल्यावर मी स्वयंपाकघरात दोन मिनिटं नाचलो. तसंच एप्रिलमध्ये मी तुम्हाला फोन करून खांद्यासाठी वैद्यकीय दाखला मागितला होता, आणि ‘डॉक्टर कशाचे, हे दाखल्यावर लिहायची गरज नाही’ असं सुचवलं होतं, ते आता विसरून जावं.

ता. क. ३. हे सासूबाई सांगत आहेत आणि मी त्यांच्या खोलीत बसून लिहितो आहे. शब्द त्यांचे:

“आर्विड, मी पडले तेव्हा तू बर्फातून साडेचार तास गाडी हाकत आलास, ते मी विसरलेले नाही. तुला भीती वाटली, मलाही वाटली. पण तेव्हापासून मला सगळे सांगतातच. जेव, झोप, बस, उठू नकोस. गुरुवारी त्या पोराने माझ्या हातात चेंडू दिला आणि विचारलं, ‘आजी, किती लांब उभा राहू?’ मला कोणी काही विचारून किती दिवस झाले, ते मोजत होते म्हणून उत्तर द्यायला वेळ लागला. मी इथल्या बाईंकडून नियम नीट विचारून घेतलाय. मुलगा स्वतः न्यायला आला तर कागद लागत नाही. सामना एक वाजता आहे. मी साडेबाराला दारात बसलेली असेन. कोट आण, मैदानावर वारा असतो.”

ता. क. ४. पिवळा फॉर्म पाकिटात शोधू नका. सासूबाईंनी तो काढून घेतला आहे.